लांब आट्यांचे प्लग

दुकानदाराने जाड पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं, ते तसंच ठेवून दुसऱ्या हाताने मागच्या फळीवरच्या चार डब्या काढल्या आणि काउंटरच्या काचेवर मांडल्या.

“हे घ्या. तुमच्या मॉडेलला आणि तुमच्या सालाला हाच प्लग. पुस्तकात छापलंय.”

“छापलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला,” धाकटा म्हणाला. तो सकाळपासून खुशीत होता. शहरातली नोकरी सुटून घरी आल्यापासून आधी काही आठवडे त्याचं तोंड एवढंसं झालेलं होतं. आता मात्र त्याच्या डोक्यात एक बेत शिरला होता आणि बेत शिरला की त्याला सगळं जग आपल्या बाजूचं वाटायचं.

“जुना प्लग नमुन्याला आणला असतात तर बरं झालं असतं,” दुकानदार चष्मा कपाळावर चढवत म्हणाला. “इतकी जुनी गाडी. मधे कुणी काय काय बदललेलं असतं.”

“बदलणार कोण? वडिलांनी कुणाला हात लावू दिला नाही कधी. आणि आमची ताई आहे ना बरोबर. ही म्हणजे चालतंबोलतं गॅरेज आहे.”

ताई या दुकानात पहिल्यांदाच आली होती. काचेचं दार, आत गार हवा, भिंतीवर चकचकीत चाकं टांगलेली. दुकान धाकट्याने निवडलं होतं. तिने एक डबी उघडली, प्लग बाहेर काढला आणि दोन बोटांत धरला. पांढरं शुभ्र चिनीमातीचं अंग, त्याखाली षटकोनी कडं, आणि त्याखाली आटे. आट्यांचा भाग तिच्या अंगठ्याच्या पेराएवढा लांब होता. त्यांच्या गाडीला लागायचा तो याच्या जेमतेम दोन तृतीयांश.

पुस्तकाचं काही चुकलं नव्हतं. कारखान्यातून आली तेव्हा त्यांच्या पिकअपला हाच प्लग होता. पण एका उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन तापलं आणि हेडला, म्हणजे इंजिनावरच्या त्या जड झाकणाला, तडा गेला. नवं हेड मिळेना. तेव्हा तिने आणि वडिलांनी, नानांनी, भंगारात काढलेल्या त्याहून जुन्या गाडीचं हेड आणून बसवलं होतं, घासून, पुसून, दोन दिवस उपाशीतापाशी खपून. त्या हेडमधली प्लगची भोकं उथळ होती. आखूड आट्यांचा प्लगच त्यात बसायचा. लांब आट्यांचाही बसायचा, अगदी छान बसायचा, फक्त त्याचं टोक आत नको तितकं उतरायचं. मग सेल्फ मारला की पिस्टन वर येणार आणि त्या टोकावर आदळणार. ही गोष्ट जगात दोघांना माहीत होती. त्यातल्या एकाला आता मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हतं.

“बरोबर ना, ताई?” धाकट्याने विचारलं. तो खिशातून फोन काढून पैसे द्यायच्या तयारीत होता.

तिने प्लग डबीत घातला, डबीचं झाकण लावलं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आपला आवाज बदलला असेल, दुकानदार तरी मान वर करून बघेल. पण तो पुस्तक मिटून जागेवर ठेवत होता.

परत येताना धाकटा स्कूटर चालवत होता आणि वाऱ्यात मागे तोंड करून ओरडून बोलत होता. पिकअप आधी पिवळी रंगवायची. पिवळी म्हणजे साधी नाही, लांबून डोळ्यांत भरेल अशी. हौद्यात कॉफीचं मशीन. बाजूची फळी खाली पाडली की झालं काउंटर. कॉलेजच्या फाटकाशी उभी करायची, संध्याकाळी बागेपाशी. लोक हल्ली जुन्या गाड्यांबरोबर फोटो काढतात. उद्या सकाळी रंगारी गाडी न्यायला येणार होता, पण ती मधेच धडधडत बंद पडत होती म्हणून आज प्लग बदलायचे होते.

“आणि तू गल्ल्यावर बस, ताई,” तो ओरडला. “सावलीत. खुर्चीत. किती वर्षं त्या फरश्या उचलणार?”

तो हे मनापासून म्हणत होता, हीच तर पंचाईत होती. तो लबाड असता तर तिला सोपं गेलं असतं. लहानपणी ह्याला कडेवर घेऊन ती दुकानात जायची, तेव्हा त्याची लाळ तिच्या खांद्यावर गळायची. आताही तिला पुढे त्याची मान दिसत होती, केस नीट कापलेले, आणि त्या मानेवर एक चापट ठेवून द्यावी की तिच्यावरची धूळ पुसावी ते तिला ठरवता येईना.

फरश्या ती नानांच्या हाताखाली वाहायला लागली, तेव्हा तिचं शिक्षण नुकतंच संपलं होतं. कारखान्यातून घासलेली फरशी हौद्यात भरायची, मधे गवत घालायचं, घाट चढायचा आणि वरच्या गावांत ज्याच्या त्याच्या दारात उतरवायची. नानांची नजर गेली तशी गाडी तिच्याकडे आली. आली म्हणजे कुणी दिली नाही. एका सकाळी नाना उजव्या बाजूला न बसता डाव्या बाजूला जाऊन बसले, एवढंच झालं. पुढे तेही बसेनासे झाले. घाटातल्या प्रत्येक वळणावर गिअर कुठे बदलायचा हे तिचं तिला कळलं. वरच्या गावांत तिला ‘फरशीताई’ म्हणत. लग्नाचं वय आलं तसं निघून गेलं, आणि खरं सांगायचं तर तिने त्याला अडवलंही नाही.

आणि मागच्या आठवड्यात जेवताना नाना पानावरची नजर न उचलता म्हणाले होते, “गाडी धाकट्याच्या नावावर करतो. तो हाताशी आलाय.” मग तिच्या दिशेने तोंड वळवून, अगदी मायेने, “तू आता सुटलीस.”

त्यावर आई म्हणाली होती, “झालं बाई एकदाचं.” धाकट्याने उठून नानांना नमस्कार केला होता. ताईने वाढून घेतलेलं सगळं संपवलं होतं, कारण पानात टाकलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. तिला कुणी काहीच विचारलं नाही. ती रागावली असेल असं त्या घरात कुणाच्या मनात आलंच नव्हतं. कैद्याला सोडल्यावर तो रागावतो का? ते दार उघडून उभे होते आणि ती कधी आनंदाने बाहेर पडते याची वाट बघत होते.

अंगणात पिकअपचं बॉनेट आधीच उघडून ठेवलेलं होतं. नाना गाडीजवळ खुर्ची टाकून बसले होते, एक हात मडगार्डवर ठेवून. आजारी म्हशीजवळ बसावं तसे.

“आणले?” त्यांनी विचारलं.

“आणले, नाना. एकदम नवे कोरे. आजपासून मी शिकणार. ताई, तू फक्त सांग, करणार मी.”

ताईने प्लगचा पाना त्याच्या हातात दिला. वायरी कोणत्या क्रमाने काढायच्या ते दाखवलं. तो वाकला, घामाघूम झाला, एकदा पाना निसटून त्याची बोटं सोलवटली. “मॅनेजरसाहेबांना रक्त आलं,” नाना हसून म्हणाले. शहरातल्या नोकरीपासून गल्लीत त्याला मॅनेजर म्हणत. तोही हसला. पहिला जुना प्लग निघाला, त्याने तो न बघताच खाली पत्र्याच्या डब्यात टाकला. दुसरा निघाला. जुने प्लग काळे पडले होते, टोकं झिजली होती. चारही प्लग डब्यात पडल्यावर ताईने तो डबा पायाने हळूच गाडीखाली सरकवला. नवा प्लग जुन्याशेजारी धरला असता तर शेंबड्या पोरालाही फरक कळला असता.

डबा सरकवल्यावर तिला स्वतःची किळस आली. पण तिने तो परत बाहेर ओढला नाही.

तिने सगळा हिशेब स्कूटरवर बसल्या बसल्याच करून ठेवला होता. इंजिन फुटेल. एक-दोन पिस्टन जातील, कदाचित व्हॉल्व्ह वाकतील. धाकटा डोक्याला हात लावेल, चार दिवस हळहळेल, आणि मग त्याला दुसरं काहीतरी सुचेल, कारण त्याला नेहमीच सुचतं. रंगारी परत जाईल. गाडी अंगणात पडून राहील, ताडपत्रीखाली. मग एक दिवस ती ताडपत्री काढेल. पिस्टन कुठे मिळतात ते तिला ठाऊक होतं. इंजिन उतरवायला वेळ लागेल, लागू दे. मोडलेली वस्तू कुणी कुणाच्या नावावर करत नाही. मोडलेली म्हणून का होईना, ती तिची राहील. याहून शहाणा विचार तिला सुचला नव्हता आणि सुचावा असं तिला वाटतही नव्हतं.

धाकट्याने चारही डब्या उघडल्या. प्लग हातात घेऊन तो नानांपुढे उभा राहिला.

“नाना, बघता?”

ताईने बॉनेटची कड धरली. नानांना डोळ्यांनी दिसत नसलं तरी त्यांचा अंगठा पुष्कळ होता. आजवर तिने केलेलं एकही काम त्यांनी त्या अंगठ्याखालून घातल्याशिवाय सोडलं नव्हतं. तिने घट्ट केलेला नट ते पुन्हा एकदा पाना लावून बघायचे. तिने भरलेलं तेल पट्टी काढून चाचपायचे. हौद्यातल्या फरश्यांवर तिने बांधलेला दोर ओढून बघायचे, आणि तो कधीच सैल नसायचा, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढायचे. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला ‘छान’ म्हटलं नव्हतं. ‘हं’ म्हणायचे. त्या ‘हं’साठी ती दिवसभर राबायची, हे तिला कुणापुढे कबूल करता आलं नसतं.

नानांचा हात पुढे आला. मग मधेच थांबला आणि परत मडगार्डवर गेला.

“ताईने बघितलाय ना दुकानात?”

“हो. तिनेच पास केला.”

“मग मी काय बघायचं? तिच्याएवढी ही गाडी मलाही कळली नाही. बसव.”

ते सहज म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ती काही मोठी गोष्ट नव्हती. खुर्चीत मागे रेलून त्यांनी डोळे मिटून घेतले, ऊन तोंडावर घेत. ताई बॉनेटची कड धरून उभी होती. हेच वाक्य त्यांनी त्या दिवशी पानावर बसून म्हटलं असतं तर? आधी कधीही, घाटात, पावसात, अंगणात म्हटलं असतं तर? तिला इतका राग आला की डोळ्यांपुढचं इंजिन हललं. आणि त्या रागाच्या पोटात, लाज वाटावी असा, आनंदही झाला होता.

धाकटा एकेक प्लग हाताने फिरवून बसवत होता. लांब आटे सरळ, बिनतक्रार आत जात होते.

“किती गुळगुळीत जातोय बघ,” तो म्हणाला. “जास्त आवळायचा नाही ना?”

“नाही,” ती म्हणाली. “टेकला की थोडासाच.”

तिने सांगितलं तसं त्याने केलं. वायरी लावल्या, तिच्याकडून तपासून घेतल्या. तळहात पँटला पुसले. मग दार उघडून आत बसला, सीट पुढे ओढली, किल्ली घातली. आई दारात येऊन उभी राहिली, ओले हात पदराला पुसत.

“लाव,” नाना डोळे मिटूनच म्हणाले. “ऐकू दे आवाज.”

“थांब!”

ती ओरडली तेव्हा तिचा हात खिडकीतून आत जाऊन किल्लीवर पोचलासुद्धा होता. धाकटा दचकून मागे झाला.

“काय झालं?”

“सेल्फ मारू नकोस. चुकीचे आहेत.”

“काय चुकीचे?”

“प्लग. लांब आहेत.” तिने किल्ली काढून मुठीत घेतली. “हेड दुसऱ्या गाडीचं आहे हिचं. पुस्तकातला प्लग हिला चालत नाही.”

“मग तू दुकानात…” धाकटा थांबला. तिच्यावर रागवायची त्याला सवय नव्हती.

आता सगळे तिच्याकडे बघत होते. खरं ते तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते सांगितलं असतं तर निदान एकदा तरी या अंगणात सगळ्यांना कळलं असतं की तिला काय वाटतं. पण नानांनी डोळे उघडले होते आणि ते त्यांच्या अंधूक नजरेने तिचा चेहरा शोधत होते, जरा डाव्या बाजूला.

“माझ्या लक्षात राहिलं नाही,” ती म्हणाली.

नानांनी हात पुढे केला. धाकट्याने उतरून एक प्लग काढला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी अंगठा आट्यांवरून वरपासून खालपर्यंत फिरवला, मग पुन्हा एकदा.

“पिस्टन फुटला असता,” ते हळू म्हणाले. मग प्लग धाकट्याला परत देत, “बघितलंस? आपण स्वतः हात लावल्याशिवाय काही बसवायचं नाही. कुणीही सांगितलेलं असो.”

“हो, नाना.”

“हिला मी बोलत नाही. दमली आहे ती.” त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांनी चाचपडत तिचं मनगट धरलं आणि त्यावर थोपटलं. तिने आठवून बघितलं, त्यांनी असं थोपटल्याचं तिला आठवेना. “होतं असं, पोरी. वाईट वाटून घेऊ नको. मलाही असंच विसरायला व्हायला लागलं, तेव्हाच मी गाडी सोडली. बरोबर वेळेवर सोडते आहेस तूही.”

“मी म्हणतच होते,” आई दारातून म्हणाली. “तिच्या डोळ्यांखाली काळं बघा किती आलंय.”

ताईने आपलं मनगट सोडवून घेतलं नाही. नानांनी सोडलं तेव्हा ते खाली आलं.

धाकट्याला फार अपराधी वाटत होतं. आपणच घाई केली, असं तो दोनदा म्हणाला. हे प्लग तो उद्या परत करून येईल, तिने फक्त बरोबर कोणते ते लिहून द्यावं. ती म्हणाली, लिहून नको, मीच आणते. तिने गाडीखालचा डबा बाहेर ओढला, त्यातला एक जुना प्लग उचलून खिशात टाकला आणि चालत निघाली.

तिचं नेहमीचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं, पुढे पाट्यांचे स्प्रिंग आणि सायलेन्सर रचलेले, त्यामुळे आत शिरायला तिरकं व्हावं लागे. म्हातारा दुकानदार स्टुलावर बसून बेअरिंग ग्रीसमध्ये बुडवत होता. तिला बघून त्याने हात पुसले, काही न विचारता मागे वळला आणि फळीवरून चार प्लग काढून तिच्यापुढे ठेवले. आखूड आट्यांचे, तिचे.

“चला, आता पावसाळाभर बघायला नको,” तो म्हणाला. “घाटात कसा काय आहे रस्ता? केला का नीट?”

ताईने प्लगकडे बघितलं. हे थंड प्रकारचे होते. भरल्या गाडीने चढ चढताना इंजिन भट्टीसारखं तापतं, तेव्हा हे प्लग आतली उष्णता बाहेर काढून देतात. नानांनी आणि तिने किती तरी प्रकार लावून बघून हे ठरवले होते. पण गाडी रिकामी, गल्लीबोळांतून हळूहळू फिरली, तासन्‌तास एका जागी उभी राहिली, तर यांच्यावर काजळी धरते. कॉलेजच्या फाटकापासून बागेपर्यंत आणि बागेपासून घरापर्यंत. महिन्याभरात गाडी पुन्हा धडधडायला लागेल. धाकटा बॉनेट उघडून उभा राहील आणि हाक मारेल, ताई.

तिने प्लग परत त्याच्याकडे सरकवले.

“हे नकोत. यातलेच गरम प्रकारचे द्या.”

“गरम?” दुकानदाराने मान वाकडी केली. “फरश्या भरून ते घालून चढणार? पिस्टन वितळेल की.”

“नाही चढायचा आता घाट.”

त्याने तिच्याकडे बघितलं. मग आत जाऊन, खोके हलवून, धूळ फुंकत त्याने दुसरे चार प्लग आणले. तिने प्रत्येक प्लग उजेडाकडे धरला, टोकातली फट बघितली, एकाची फट जरा जास्त होती ती त्याच्याकडून हलकेच ठोकून घेतली. तिच्या खिशातल्या जुन्या प्लगशी लांबी जुळवली. चारही बरोबर होते.

“म्हणजे विकली की काय गाडी?” त्याने कागदात पुडी बांधत विचारलं. “सांगितलं नाहीत. मी घेणारा बघितला असता, चांगला चालवणारा.”

“नाही,” ती म्हणाली. “घरातच आहे.”